परतीचा आहेर आणि लोकोपयोगी देणगी : लग्नसमारंभाच्या सार्वजनिक बाजूचा विचार

१. विषय आणि संज्ञा

मराठी लग्नसमारंभात पाहुणे वधूवरांना आणि त्यांच्या घरच्यांना जे देतात त्याला आहेर म्हणतात, आणि यजमान पाहुण्यांना मांडवातच किंवा निरोपाच्या वेळी जे देतात त्याला परतीचा आहेर म्हणतात. शहरांत या दुसऱ्या देण्याला आता ‘रिटर्न गिफ्ट’ हे नाव पडले आहे. तथापि टॉवेल-टोपी, उपरणे, खण, ब्लाउजपीस, नारळ, स्टीलची वाटी, पेढ्यांचा पुडा आणि अलीकडे तुळशीचे रोप अशी त्याची रूपे पाहिली म्हणजे नाव बदलले तरी व्यवहार तोच राहिला, हे ध्यानात येते. या परतीच्या आहेरावर होणारा खर्च टाळून तेवढी रक्कम एखाद्या लोकोपयोगी संस्थेला द्यावी आणि पाहुण्यांना तसे कळवावे, अशी रीत महाराष्ट्रात हळूहळू रुजू लागली आहे. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आता सवयीची झाली असून, तिच्याखाली एखाद्या रुग्णालयाचे, वसतिगृहाचे किंवा ग्रंथालयाचे नाव येणे ही तिच्या पुढची पायरी आहे.

या रीतीचे कौतुक सहसा काटकसरीच्या किंवा परोपकाराच्या भाषेत होते आणि तेवढ्यावरच विचार थांबतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन याहून थोडे पुढे जाणारे आहे. परतीचा आहेर हा परतफेडीच्या साखळीतला एक दुवा आहे, तर दान हे परतफेडीची अपेक्षा सोडून केलेले देणे आहे. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे आणताना केवळ वस्तू बदलत नाही, तर देण्याची जातच बदलते. जुन्या गावात लग्न ही सगळ्या गावाची बाब होती आणि तिच्यातील देण्याघेण्याचा पसारा नातलगांपलीकडे जात असे. गेल्या शतकात ती बाजू आक्रसत गेली, आणि लग्नातील देणगीमुळे ती उच्चनीचतेच्या उतरंडीशिवाय पुन्हा उभी राहू शकते. मात्र त्यासाठी पैसा कोणाचा, पात्र कोण आणि मान कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावी लागतात.

२. आहेराचा व्यवहार

आहेराचे स्वरूप समजून घेण्यासाठी ग्रामीण लग्नातील आहेराची वही पाहावी. मांडवाच्या एका कडेला, बहुधा घरातील हिशेबाला पक्का असलेला माणूस वही उघडून बसतो. प्रत्येक पाहुण्याचे नाव, गाव आणि त्यापुढे रक्कम किंवा वस्तू अशी नोंद होते, आणि अनेक ठिकाणी त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून अमुक गावच्या अमुक पाहुण्यांकडून आलेल्या आहेराची घोषणा केली जाते. समारंभ आटोपल्यावर ही वही कपाटात जपून ठेवली जाते आणि त्या पाहुण्याच्या घरी कार्य निघाले की बाहेर काढली जाते, कारण आलेल्या आहेराहून कमी देणे हा कमीपणा आणि बरेच अधिक देणे हा समोरच्यावर चढवलेला बोजा, हे सर्वांना न सांगता ठाऊक असते. ज्या काळात बँका आणि विमा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते, त्या काळात ही वही परस्पर साहाय्याची साधी आणि भरवशाची यंत्रणा होती; एका घरावर कार्याचा भार पडला की शंभर घरे थोडाथोडा भार उचलत आणि आपली पाळी आली की तोच आधार त्यांना मिळत असे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या भेटीविषयीच्या निबंधात अशाच व्यवहारांचा विचार करून देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे अशी तीन बंधने सांगितली. वरवर ऐच्छिक दिसणारी भेट प्रत्यक्षात बंधनकारक असते आणि ती नाकारणे म्हणजे संबंध नाकारणे होय, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. परतीचा आहेर हे तिसऱ्या बंधनाचे तत्काळ पाळलेले रूप म्हणता येईल. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवू नये, या भावनेत आदर आहे आणि तो खोटा नाही.

असे असले तरी हा व्यवहार आज कोणत्या अवस्थेला पोहोचला आहे, हे एका ब्लाउजपीसच्या प्रवासावरून दिसते. घाऊक दुकानातून गठ्ठ्याने आणलेला, बहुधा शिवण्याजोगा नसलेला हा तुकडा हळदीकुंकवाची बोटे लावून एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तेथे पिशवीत किंवा ट्रंकेत पडून राहतो आणि त्या घरी कार्य निघाले की घडी न मोडता तिसऱ्या घरी रवाना होतो. टॉवेल-टोपीचेही तसेच होते. देणाऱ्याला तिची गरज नसते आणि घेणाराही ती वापरत नाही, पण दिली नाही तर मान राखला नाही असे होते. वस्तूतील उपयुक्तता संपून केवळ मानाची खूण उरली, की त्या खुणेवर होणारा खर्च अधिक चांगल्या मार्गाने करता येईल का, हा प्रश्न विचारणे रास्त ठरते.

३. गावगाड्यातील लग्न आणि आक्रसलेले वर्तुळ

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात महाराष्ट्रातील खेड्याची जी रचना वर्णिली आहे, तीत बलुतेदार, म्हणजे गावाची ठरावीक कामे करून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे कारागीर आणि सेवक, यांच्या हक्कांना आणि मानपानाला मोठे स्थान आहे. लग्नकार्यात कुंभाराची मडकी, परिटाच्या पायघड्या, गुरवाच्या पत्रावळी आणि वाजंत्र्यांचे वादन यांवाचून अडत असे आणि त्या प्रत्येकाला शिधा, धान्य, लुगडे किंवा पागोटे मिळण्याचा रिवाज होता. याचा अर्थ असा की यजमानाच्या हातून निघालेले देणे सोयऱ्याधायऱ्यांपुरते राहत नसे, तर गावातील श्रम करणाऱ्या घरांपर्यंत पोहोचत असे.

या व्यवस्थेविषयी हळहळ बाळगण्याचे मात्र कारण नाही. तीत कोणी कोठे उभे राहायचे, कोणी पंगतीत बसायचे आणि कोणी पंगत उठल्यावर उरलेले न्यायचे, हे जन्माने ठरलेले होते, आणि ज्याला हक्क म्हटले जाई त्याच्या आड अनेकदा वेठ आणि अवमान दडलेला असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला तो याच कारणाने; पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि रोखीच्या अर्थव्यवस्थेने बलुत्याचा उरलासुरला पायाही काढून घेतला. हे योग्यच झाले. परंतु या बदलात लग्नाचे देणेघेणे बरोबरीच्या आणि ओळखीच्या माणसांपुरते उरले, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली गेली नाही. जेवण वाढणारे, मांडव घालणारे आणि भांडी घासणारे आता कंत्राटदाराकडून येतात, त्यांची नावे यजमानाला ठाऊक नसतात, आणि परतीच्या आहेराच्या पिशव्या ज्यांच्या घरी अशा दहा पिशव्या आधीच आहेत त्यांच्याच हाती पडतात.

४. दानाची कल्पना आणि पूर्तधर्म

भारतीय परंपरेत दानाचा विचार परतफेडीच्या व्यवहाराहून वेगळा ठेवलेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: देणे हे कर्तव्य आहे असे मानून, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्री, जो उलट उपकार करण्याच्या स्थितीत नाही अशाला दिलेले ते सात्त्विक, परतफेडीची किंवा फळाची इच्छा धरून, मनाला यातना होत असताना दिलेले ते राजस, आणि अयोग्य स्थळी, अयोग्य पात्री, सत्कार न करता, अवज्ञेने दिलेले ते तामस. ही कसोटी लावली तर परतीचा आहेर दानाच्या पहिल्या वर्गात बसत नाही, कारण त्याचा स्वीकार करणारा हा आधीच काही देऊन बसलेला किंवा पुढे देणार असलेला सोयरा असतो. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९८६ साली मोस यांच्या निबंधाचा पुनर्विचार करताना याच मुद्द्यावर बोट ठेवले आणि ज्याची परतफेड होऊच नये अशा देण्याचा आदर्श भारतीय दानविचारात स्पष्टपणे आढळतो, असे दाखवले.

दुसरी उपयुक्त कल्पना इष्टापूर्ताची आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तिचे सविस्तर विवेचन केले असून त्यानुसार इष्ट म्हणजे यज्ञयाग, आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवालये, बागा आणि अन्नदान यांसारखी सर्वांच्या उपयोगाची कामे होत. यज्ञाचा अधिकार वर्णाने मर्यादित केलेला असताना पूर्ताचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्र मानल्या गेलेल्यांनाही होता, ही त्यातील अर्थपूर्ण गोष्ट होय. लग्नातील होम आणि सप्तपदी ही इष्टाची बाजू मानली, तर त्याच मुहूर्तावर एखाद्या रुग्णालयाला, पाणलोटाच्या कामाला किंवा शाळेला दिलेली देणगी ही पूर्ताची बाजू ठरते. ज्यांना होमहवन मान्य नाही आणि जे नोंदणी पद्धतीने लग्न करतात त्यांनाही ही दुसरी बाजू तितकीच मोकळी आहे. लग्नातील देणगी ही पाश्चात्त्यांचे अनुकरण असल्याचा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. इटलीत पाहुण्यांना साखरेत घोळवलेले पाच बदाम देण्याची प्रथा आहे आणि इंग्लंड-अमेरिकेत अशा भेटींऐवजी देणगी देणारी जोडपी आहेत, हे खरे. पण मंगल कार्याच्या निमित्ताने लोकोपयोगी काम करावे, हा विचार इथल्या मातीत फार पूर्वीपासून आहे.

५. सुधारकांचा वारसा आणि काटकसरीची मर्यादा

लग्न साधेपणाने करावे, या आग्रहाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह अल्प खर्चात पार पडला. पुरोहिताला आणि दक्षिणेला फाटा देऊन वधूवरांनी परस्परांना दिलेल्या वचनांवर हा विवाह उभा होता. संत गाडगेबाबांनी कीर्तनातून कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका असे परोपरीने सांगितले आणि लोकांकडून मिळालेला पैसा धर्मशाळा, वसतिगृहे आणि सदावर्ते यांत घातला. खर्च टाळावा कशासाठी आणि टाळलेला पैसा न्यावा कोठे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या एकाच जीवनात सापडतात.

या परंपरेचा वारसा सांगताना मात्र एक सावधगिरी पाळली पाहिजे. गरिबांच्या कर्जाला त्यांची लग्नातील उधळपट्टीच जबाबदार आहे, असा सूर सुखवस्तू वर्गाकडून वारंवार लावला जातो. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केल्यानंतर नेमलेल्या आयोगाने या समजुतीची तपासणी केली आणि शेतकऱ्याच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. महात्मा फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथात शेतकऱ्याच्या लग्नातील तथाकथित चैनीचे खरे चित्र मांडून हा आरोप परतवला. म्हणून परतीच्या आहेराला पर्याय सुचवताना उपदेशाचा रोख गरिबाच्या मांडवाकडे वळवणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी शंभर माणसांना पोटभर जेवू घालणे हाच आयुष्यातील एकमेव सोहळा आहे, त्याला देणगीचा पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. या रीतीचा आरंभ ज्यांना परतीचा आहेर सहज परवडतो त्यांनीच केला पाहिजे, कारण समाजात मानपानाचे माप तेच ठरवतात आणि त्यांची बरोबरी करताना खालची घरे मोडतात.

करोनाच्या साथीत एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसांची आणि दोन तासांची मर्यादा घालण्यात आली होती. त्या काळात झालेली लग्ने नंतर उभी राहिलेल्या संसारांच्या दृष्टीने कोणत्याही अर्थाने उणी ठरली नाहीत. तरीही निर्बंध उठताच समारंभ पूर्वीहून मोठे होऊ लागले, यावरून सक्तीची काटकसर टिकत नाही आणि टाळलेल्या खर्चाला एखादे प्रिय प्रयोजन मिळाल्याखेरीज साधेपणा अंगवळणी पडत नाही, हे दिसून आले. देणगीची रीत असे प्रयोजन पुरवते, आणि तिचे बळ त्यातच आहे.

६. पैसा कोणाचा : देणगीचे तीन प्रकार

लग्नातील देणगी एकाच नावाने ओळखली जात असली तरी तिचे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात यजमान परतीच्या आहेरासाठी राखलेली स्वतःची रक्कम संस्थेला देतात. दुसऱ्या प्रकारात पाहुण्यांना आहेराऐवजी थेट संस्थेला देणगी देण्याची विनंती केली जाते, आणि त्यासाठी मांडवात संस्थेची पेटी, पावतीपुस्तक किंवा क्यूआर कोड ठेवला जातो. तिसऱ्या प्रकारात आलेला आहेर गोळा करून यजमान तो संस्थेला सुपूर्द करतात. नैतिक दृष्टीने हे तीन प्रकार समान नाहीत.

पहिला प्रकार सर्वांत निर्मळ आहे, कारण त्यात देणारा स्वतःचेच देतो. समजा ३०० कुटुंबांना प्रत्येकी १५० रुपयांची वस्तू द्यायची होती. ती न देता उभे राहिलेले ४५,००० रुपये एखाद्या लहान गावातील वाचनालयाला दिले, तर त्यातून पुस्तकांची कित्येक कपाटे भरतात, आणि याच रकमेच्या स्टीलच्या वाट्या ३०० फडताळांत विखुरल्या असत्या तर कोणाच्याही घरी त्यांची उणीव भरून निघाली नसती. दुसऱ्या प्रकारात पाहुण्याच्या इच्छेचा प्रश्न येतो. विनंती ही विनंतीच राहावी, कोणी किती दिले हे मांडवात कळू नये आणि आहेराच्या वहीसारखी दात्यांची घोषणा होऊ नये, एवढी पथ्ये पाळली तर हा प्रकारही उत्तम आहे. ज्याला जुन्या ऋणाची फेड म्हणून आहेरच करायचा आहे, त्याचा आहेर नाकारून त्याला ओशाळे करू नये.

तिसऱ्या प्रकारात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. धर्मशास्त्रात अग्नीच्या साक्षीने आणि सासरी जाताना वधूला मिळालेल्या वस्तूंची गणना स्त्रीधनात, म्हणजे तिच्या एकटीच्या मालकीच्या धनात केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्त्रीधनावर पत्नीचा पूर्ण अधिकार असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे वधूला मिळालेली भेट वडीलधाऱ्यांनी परस्पर संस्थेला देऊन टाकणे, हेतू कितीही चांगला असला तरी, तिच्या हक्कावर घाला घालणारे आहे. तिने स्वतः, विचार करून, समारंभाच्या दडपणाबाहेर तसे ठरवले तरच ते दान होय.

याच संदर्भात आणखी एक धोका सांगितला पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत लग्नाच्या खर्चाचा मोठा भाग आजही वधूपक्षावर पडतो. अशा वेळी वरपक्षाने ‘आम्हाला काही नको, अमुक संस्थेला देणगी द्या’ असे म्हणून तो भार मुलीच्या वडिलांवर टाकला, तर मागणी मागणीच राहते, फक्त तिच्यावर पुण्याचा शिक्का बसतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यातील हुंड्याच्या व्याख्येत केवळ वधूवरांनाच नव्हे, तर अन्य कोणत्याही व्यक्तीला दिलेल्या मालमत्तेचा किंवा मूल्यवान वस्तूचाही समावेश आहे, हे या ठिकाणी आवर्जून लक्षात ठेवावे. देणगीची रक्कम दोन्ही घरांनी ऐपतीप्रमाणे उचलावी, आणि शक्य असेल तेथे ती वधूवरांच्या स्वतःच्या कमाईतून यावी, हा यावरचा सरळ उपाय आहे.

७. पात्र कोण : संस्थेची निवड आणि व्यवहाराची शिस्त

गीतेने सांगितलेली पात्राची अट आजच्या भाषेत संस्थेच्या विश्वासार्हतेची अट आहे. महाराष्ट्रात धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जातात, त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो आणि हिशेबांची तपासणी करून घेणे त्यांच्यावर बंधनकारक असते. हा क्रमांक आणि अलीकडच्या वर्षांचे तपासलेले हिशेब मागण्यात संकोच बाळगू नये, कारण चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. शक्य असल्यास लग्नाच्या आधी वधूवरांनी संस्थेला भेट द्यावी आणि तिला नेमके काय हवे आहे ते विचारावे. अनेक संस्थांकडे जुने कपडे आणि मिठाई यांचा ओघ असतो, पण कर्मचाऱ्यांचे पगार, विजेचे बिल, औषधे आणि छपराची दुरुस्ती यांसाठी पैसा नसतो. पुण्यात पितृपंधरवड्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनाने अशा संस्था आणि दाते यांची समोरासमोर गाठ घालून दिली आहे. पितरांच्या स्मरणाशी जोडलेले दान जर असे डोळस होऊ शकते, तर लग्नाशी जोडलेले दानही होऊ शकते.

कराच्या बाजूने काही साध्या गोष्टी माहीत असाव्यात. लग्नप्रसंगी वधूवरांना मिळालेल्या भेटी त्यांचे करपात्र उत्पन्न मानल्या जात नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी). परंतु ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, २,००० रुपयांवरील रोख देणगीवर मिळत नाही आणि वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, म्हणून लग्नाच्या वेळच्या तरतुदी संस्थेकडून समजून घ्याव्यात. पावती ज्याने पैसे दिले त्याच्या नावे निघते. म्हणून पाहुण्यांची देणगी यजमानांनी स्वतःच्या खात्यात गोळा करू नये, ती थेट संस्थेच्या खात्यात जावी, म्हणजे हिशेबही स्वच्छ राहतो आणि संशयाला जागा उरत नाही.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक नियम येतो. विदेशी अंशदान नियमन कायद्यानुसार परकीय नागरिकत्व घेतलेल्या पाहुण्याची देणगी, तो मूळचा सातारचा असो वा सावंतवाडीचा, विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती दिल्लीतील ठरलेल्या खात्यात घेता येते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या परदेशस्थाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र या वर्गात मोडत नाही. नातलग दोन देशांत विखुरलेले असतील तर संस्था निवडतानाच ही चौकशी करून घेणे श्रेयस्कर.

८. मान कोणाचा

या रीतीवर घेतला जाणारा सर्वांत मनापासूनचा आक्षेप पैशाचा नाही, मानाचा आहे. लांबचा प्रवास करून आलेल्या मावशीला, भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकण्यासाठी शेतातले काम टाकून आलेल्या मामाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे काय, असा प्रश्न वडीलधारी माणसे विचारतात आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मामा, आत्या, करवली, विहीण यांचे मान ही नात्यांची उभारणी आहे. त्यांच्यापैकी ज्यांना मनापासून काही द्यावेसे वाटते त्यांना ते अवश्य द्यावे. देणगीची रीत त्या आपुलकीच्या देण्यावर उठलेली नाही, ती घाऊक खरेदी केलेल्या आणि घेणाऱ्याचा चेहराही न पाहता दिल्या जाणाऱ्या पिशव्यांच्या जागी यावयाची आहे. उरलेल्या पाहुण्यांचा मान राखण्याचे साधन वेळ आणि लक्ष हे आहे. दारात उभे राहून केलेले स्वागत, पंगतीत फिरून केलेली विचारपूस आणि निरोपाचा नमस्कार यांना कोणतीही वस्तू पर्याय ठरत नाही.

देणगीचा मान यजमानाने स्वतःकडे ओढून घेतला की सगळी रीत बिघडते. मंचावर मोठा धनादेश फडकवणे, संस्थेतील मुलांना गणवेशात आणून पाहुण्यांसमोर उभे करणे, छायाचित्रकाराच्या सोयीसाठी तोच क्षण दोनदा घडवणे, हे प्रकार आता दिसू लागले आहेत. ज्या मुलांच्या नावाने देणगी दिली जाते त्यांना उपकृततेच्या भूमिकेत जाहीरपणे उभे करणे म्हणजे सत्कार न करता, अवज्ञेने दिलेल्या तामस दानाचेच नवे रूप होय. १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन करणारे बाबा आमटे दयेने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो, या विचारावर आयुष्यभर ठाम राहिले, आणि आनंदवनातील कुष्ठमुक्तांनी शेती, विणकाम आणि सुतारकाम करून तो सिद्ध केला. लग्नाला अशा संस्थांतील माणसांना बोलवायचेच असेल, तर पाहुणे म्हणून बोलवावे आणि त्याच पंगतीत बसवावे. पाहुण्यांना काही वस्तू द्यायचीच असेल, तर अशा संस्थांत तयार झालेल्या वस्तू रास्त किमतीला विकत घेऊन द्याव्यात, कारण त्यात श्रमाचा मोबदला जातो आणि कोणाचीही मान खाली जात नाही.

पाहुण्यांना कळवण्याची पद्धतही साधी असावी. पत्रिकेत किंवा जेवणाच्या ठिकाणी लावलेल्या एका फलकावर संस्थेचे नाव, तिचे काम आणि परतीच्या आहेराची रक्कम तिला दिली आहे, एवढे एका वाक्यात सांगावे. रक्कम लिहू नये. पाहुण्यांच्या वतीने देणगी दिली असे लिहायचे असेल, तर ज्यावर पाहुण्यांत मतभेद संभवणार नाहीत असे काम निवडावे. आरोग्य, शिक्षण, पाणी, अपंगांचे पुनर्वसन यांवर कोणाचे दुमत होत नाही. एखाद्या पंथाच्या किंवा पक्षाच्या कार्याला इतरांच्या नावे पैसा देणे मात्र त्यांना न विचारता त्यांची सही करण्यासारखे आहे.

९. समारोप

लग्न ही दोन माणसांची खासगी निवड असली तरी समारंभ हा समाजाच्या साक्षीने होतो, आणि ज्याची साक्ष घ्यायची त्या समाजाविषयी काही कर्तव्य उरते, ही जाणीव आपल्या परंपरेत पूर्तधर्माच्या रूपाने होती. गावगाड्यात ती जातीच्या चौकटीत अडकली, आणि ती चौकट मोडताना लग्नाच्या देण्याघेण्याचे वर्तुळही लहान होत गेले. परतीच्या आहेराऐवजी देणगी देण्याची रीत हे वर्तुळ पुन्हा मोठे करू शकते, कारण तिच्यातून ज्यांच्याशी रक्ताचे, जातीचे किंवा देण्याघेण्याचे नाते नाही अशा माणसांचा त्या मंगल दिवसाशी संबंध जडतो. त्यासाठी पैसा स्वतःचा असावा, वधूची संमती असावी, मुलीच्या बापावर भार नसावा, संस्था पारखून घेतलेली असावी, पावती सरळ असावी आणि देताना कोणाचा मान उणावू नये, एवढ्या अटी पुरेशा आहेत.

शेवटची अपेक्षा वधूवरांकडून आहे. लग्नाच्या दिवशी दिलेली देणगी एकदाच दिली जाते, संस्थेची गरज मात्र दरवर्षी उभी राहते. म्हणून ज्या संस्थेला त्या दिवशी काही दिले, तिला लग्नाच्या पुढील प्रत्येक वाढदिवशी, रक्कम लहान असली तरी चालेल, काही ना काही द्यावे आणि वर्षातून एक दिवस तिथे जाऊन तिच्या कामात हात घालावा. असे काही शेकडो संसार प्रत्येक तालुक्यात उभे राहिले, तर तेथील शाळेला, दवाखान्याला आणि वाचनालयाला दर वेळी नव्या दात्याचे दार ठोठावावे लागणार नाही. आणि आहेराची वही जसा एका घराला शंभर घरांचा आधार देत होती, तसा आधार ज्यांचे नाव कोणाच्याही वहीत नव्हते त्यांनाही मिळू लागेल.